राक्षसमामाचा खटला

आमच्या घराण्यात मोठी माणसं मोठ्यांशी थेट बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण पाऊसपाणी, लग्नमुंजी, बसचा संप एवढंच. मनातलं काही असलं, तक्रार किंवा मागणं असलं, की ते पोरांकरवी येतं. मी मामांच्या ताटाशी वाढायला उभी असते आणि मामा माझ्या मुलीला सांगतात, "तुझ्या आईला सांग, सारात मीठ स्वल्प जास्ती झालंय." मुलगी माझ्याकडे मान वळवते. "आई, सारात मीठ जास्ती झालंय." मी तिला म्हणते, "त्यांना सांग, उद्या बघते." तिघंही हातभर अंतरावर. माझा नवरा पुण्याचा. लग्न झाल्यावर त्याने पहिल्यांदा असा निरोप ऐकला तेव्हा त्याला वाटलं, मामा-भाचीचं बिनसलंय, आणि तो बिचारा समेट घडवायला निघाला.

आमचे लोक तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आले. येताना काय आणलं आणि काय वाटेत सांडलं कोण जाणे, ही रीत मात्र राहिली. मी लहान असताना मामी मला जवळ ओढून म्हणायची, "कोणाला सांगू नको हं, त्या खिडकीतल्या हिरव्या साडीवर माझा जीव जडलाय." मी धावत जाऊन मामांना सांगायची आणि दोन-चार दिवसांत साडी घरी यायची. मामी मला रागावल्याचं आठवत नाही.

वडील लवकर गेले म्हणून मी मामांच्याच घरी वाढले. जयनगरात त्यांचं छोटं बैठं घर आहे, आणि आम्ही आता दोन गल्ल्या सोडून राहतो. मामा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मामी गेल्यापासून ते एकटे असतात. दुपारचं जेवण आमच्याकडून जातं, आणि शाळा सुटली की माझी मुलगी त्यांच्याकडे जाऊन बसते. ती त्यांना ताता म्हणते, इथे सगळी मुलं आजोबांना म्हणतात तसं.

त्या वर्षी मामांचं काहीतरी बिनसलं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, तो आम्ही हसण्यावारी नेला. मग एकदा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. मला मामीच्या नावाने हाक मारली आणि ती दुरुस्तही केली नाही, तेव्हा मला हसू आलं नाही. माझा मामेभाऊ, म्हणजे अण्णा, के. आर. पुरमच्या एका उंच इमारतीत राहतो. तो येऊन गॅसची शेगडी बदलून गेला आणि जाताना रीत मोडून मला बाजूला घेऊन म्हणाला, "आणखी एकदा काही झालं ना, तर मी बाबांना घेऊन जाणार. विचारणार नाही. तुला काही कळलं तर लपवू नको." मामांनी हे आतून ऐकलंच असणार, कारण संध्याकाळी माझ्या मुलीकरवी निरोप आला. "तुझ्या अण्णामामाला सांग, आभाळात राहायला मी काय घार आहे?"

डॉक्टरचं नाव काढलं की मामा पेपर उघडायचे. त्यांना नेमकं काय होतंय, किती होतंय, हे आम्हाला कोणालाच कळत नव्हतं. मी हेब्बाळच्या एका कंपनीत लोकांच्या रजांचे अर्ज मंजूर-नामंजूर करते. दिवसभर हो किंवा नाही. घरी आल्यावर मात्र मला ना हो म्हणता येत होतं ना नाही.

त्याच दिवसांत शाळेत खटला निघाला.

मुलगी आठवीत होती. तिच्या इंग्रजीच्या टीचरला नवनवीन उपक्रमांची भारी हौस. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, अद्भुतकथेतल्या पात्रांवर वर्गात खटला चालवायचा. मुलांनी नेटवरून तयार युक्तिवाद उतरवून आणू नयेत म्हणून छापील पुस्तकातली गोष्ट चालणार नव्हती; घरात कोणी तोंडी सांगितलेली हवी होती. माझ्या मुलीने मामांची राक्षसाची गोष्ट सांगितली आणि तीच निवडली गेली.

गोष्ट तशी सगळ्यांना माहीत असते. राक्षसाच्या कैदेत राजकन्या, राक्षसाचा जीव साता समुद्रांपलीकडे एका पोपटात, राजकन्या गोड बोलून ते गुपित काढते, राजपुत्राला सांगते, राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो आणि इकडे राक्षस धाडकन पडतो. आमच्या घरातल्या गोष्टीत दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे मला लग्नानंतर नवऱ्याकडून कळलं. आमच्याकडे राजकन्या अगदी तान्ही असताना राक्षसाला सापडते. तो स्वतः माणसं खातो, पण तिला दहीभात कालवून भरवतो. आणि ती त्याला मामा म्हणते. राक्षसमामा. आपल्या पोरक्या भाचीला दहीभात भरवता भरवता मामांनीच हा बदल केला असणार, पण लहानपणी मला तो बदल वाटलाच नाही. राक्षस म्हणजे मामाच असतो, अशी माझी समजूत होती.

खटल्यासाठी मुलीने मामांकडून गोष्ट पुन्हा ऐकून घेतली. सुट्टी होती म्हणून मीच डबा द्यायला गेले होते तेव्हा मामा सांगत होते. सात समुद्र झाले, बेट झालं, वडाचं झाड झालं, आणि मामा थांबले. "मग कुठे होता गं त्याचा जीव?" मुलगी म्हणाली, "पिंजऱ्यात, ताता. पोपटात." मामा म्हणाले, "सरी, सरी, बरोबर. पोपटात." ते तिची परीक्षा घेताहेत असं मला वाटलं आणि मी डबा ठेवून निघून आले.

खटल्याच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. नुसतं बघायला नव्हे. आम्ही पंच होतो. माझी मुलगी राजकन्या झाली होती, पण ती नुसती साक्षीदार, आरोपी राजपुत्र. त्यामुळे मी पंचात बसायला हरकत नाही असं टीचरनी ठरवलं. वर्गातले बाक सरकवून कोर्ट केलं होतं. टीचर स्नेहसंमेलनातला काळा झगा घालून न्यायाधीशाच्या जागी बसल्या. आम्ही बारक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. कोर्ट अर्थातच इंग्रजीत चाललं होतं.

सुरुवात मजेदार झाली. राजपुत्राचा वकील म्हणजे चष्मा लावलेला एक किडकिडीत मुलगा, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, माझ्या अशिलाने फक्त एका पक्ष्याची मान मुरगळली. फार तर मुक्या प्राण्याला क्रूरपणे वागवल्याचा गुन्हा होईल. राक्षसाच्या अंगाला त्याने बोटही लावलं नाही. पालक हसले. मग त्याने माझ्या मुलीला साक्षीला बोलावलं. तिची उत्तरं आम्ही घरी घोकून घेतली होती. राक्षस माणसं खायचा, मी कैदेत होते, सुटायला दुसरा मार्ग नव्हता. तिन्ही उत्तरं तिला तोंडपाठ होती.

वकिलाने विचारलं, "तू राक्षसाला काय म्हणायचीस?"

"मामा."

वर्ग हसला. वकील हसला नाही. "मामा म्हणजे अंकल? ऑटोवाल्यालाही आपण अंकल म्हणतो, तसं?"

"नाही. मामा."

"म्हणजे सोदरमावा?" त्याने हे कन्नडात विचारलं. सख्खा मामा, आईचा भाऊ.

ती म्हणाली, "तसंच."

हसणं आपोआप बंद झालं. त्या वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, सगळ्या घरांतली मुलं होती आणि सगळ्यांच्या घरी मामाला मामाच म्हणतात. आतापर्यंत शिंगं आणि सुळे असलेला कोणीतरी मेला होता. आता प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला मामा आला असणार. मला तरी आला.

वकिलाला आपल्या हाती काय लागलंय ते कळलं. "त्याने तुला वाढवलं?" "हो." "खायला काय द्यायचा?" "दहीभात." "आपला जीव कुठे आहे हे सांगताना तो काय म्हणाला होता?"

हा प्रश्न आम्ही घोकलेल्यांत नव्हता. मुलीने बाकाची कड धरली. "म्हणाला, कोणाला सांगू नको."

"मग तू का सांगितलंस?"

इथे ती तिन्ही उत्तरं होती की. मी ओठांनी पहिलं उत्तर दाखवायचाही प्रयत्न केला. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला काही दिसत नसावं. शेवटी ती म्हणाली, "मी सांगितलं नाही."

"मग राजपुत्राला कळलं कसं?"

"मला माहीत नाही. मी कोणालाच सांगितलेलं नाही."

टीचर हळूच म्हणाल्या, "पण बाळा, गोष्टीतच तसं आहे." ती म्हणाली, "मी नाही सांगितलं, मिस." आणि तिचा चेहरा लालभडक झाला. मला काही उमगेना. भाषणाच्या, नाटकाच्या वेळी माझी मुलगी कधी अडखळत नाही. ही पाठांतर विसरली म्हणावं तर विसरल्यासारखी दिसत नव्हती, आणि गोष्टच नाकारत होती. वर्गात कुजबुज सुरू झाली, साक्षीदार खोटं बोलतेय म्हणून. वकिलाने हात पसरून न्यायाधीशांना विनंती केली, खरी गुन्हेगार ही आहे, हिलाच आरोपी करा. खऱ्या कोर्टात असं चालतं का, मला ठाऊक नाही. पण मुलं स्वतःच्या डोक्याने विचार करताहेत म्हणून टीचर इतक्या खूश झाल्या की त्यांनी ताबडतोब परवानगी दिली. राक्षसाने तिला का सांगितलं, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

राजपुत्र निर्दोष सुटला. मग टीचर आम्हा पंचांकडे वळल्या. विश्वासाने सांगितलेलं गुपित फोडल्याबद्दल राजकन्या दोषी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. भराभर हात वर गेले. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे बघून मिस्कील हसली, आता बघू या आई काय करते अशा अर्थाचं. तेव्हा खेळ आहे, खेळासारखं घ्यावं, आपण पोरीला पाठीशी घालणाऱ्यांतल्या नाही हे दिसावं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. की घोकलेली उत्तरं वाया घालवल्याचा राग होता? मी हात वर केला. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

परतताना ऑटोत ती बाहेर बघत बसली होती. सिग्नलला थांबलो तशी म्हणाली, "तूपण हात वर केलास."

"अगं, खेळ होता तो."

"मग खेळात तू काय विचार करून हात वर केलास?"

आता खरं तर मी काहीच विचार केलेला नव्हता. पण आईला असं म्हणता येत नाही. म्हणून मी तिला उपदेशाचा डोस पाजला. कोणी आपल्यावर विश्वास टाकून काही सांगितलं की ते पोटात ठेवावं. कितीही मोह झाला तरी. माणसाची पारख तिथेच होते. ऑटोवाल्यानेही मान डोलावली, त्याला मराठी येत नसावं तरी. मुलगी नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सरी." आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

त्यानंतर ती गप्प गप्प झाली. जेवायला बसली की ताटातच नजर. मामांकडे जायची ती मात्र जास्तच, शनिवार-रविवारीसुद्धा. मामा बाजारात निघाले की ही चप्पल घालून तयार. मला वाटलं, खटला मनाला लागलाय, होईल बरी. नवरा म्हणाला, सरळ विचार ना तिला. मी म्हटलं, आमच्यात असं सरळ विचारत नाहीत. तो कपाळाला हात लावून आत गेला.

मग एका शुक्रवारी मी फुलं घ्यायला थांबले. कोपऱ्यावर बसणाऱ्या फूलवालीशी माझी जुनी ओळख. गजरा मोजता मोजता तिने कन्नडात विचारलं, "अक्का, ताता आता बरे आहेत ना?"

"का? काय झालं?"

तिने सहज सांगितलं. मध्यंतरी मामा तिच्या समोरच्या कट्ट्यावर बसून राहिले होते. ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात. हिने विचारलं, तर म्हणाले, घर कुठल्या बाजूला ते आठवेपर्यंत बसतो. मग शाळा सुटल्यावर गणवेशातच आमची मुलगी शोधत आली आणि हाताला धरून त्यांना घेऊन गेली. "तुम्हाला माहीत असेल म्हणून मी काही बोलले नाही," ती म्हणाली. तिथून मामांचं घर दिसतं. वळलं की दिसतं.

कधी झालं ते विचारून मी हिशेब लावला. खटल्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट होती.

घरी येऊन मुलीला समोर बसवलं. या वेळी सरळ विचारलं. तिने आधी नाही म्हटलं, मग फूलवालीचं नाव ऐकून ती रडायलाच लागली. असं एकदा नाही, आणखीही झालं होतं. ताता म्हणाले होते, कोणाला सांगू नको. सांगितलं असतं तर अण्णामामा त्यांना घेऊन गेला असता, आणि ताता तिकडे जगले नसते. "मी सांगणार होते तुला," ती म्हणाली. "खटला झाला की सांगणार होते. मग तू हात वर केलास."

मला तिचा राग आला, माझा आला, त्या चष्मेवाल्या पोराचाही आला. एवढ्याशा पोरीने म्हाताऱ्या माणसाचं हरवणं एकटीने सांभाळलं होतं, आणि मी तिला ऑटोत बसवून विश्वासाचे धडे देत होते. तिला शाबासकी द्यायची की कान उपटायचा, मला कळेना. आजही नीटसं कळलेलं नाही. मी तिला पोटाशी धरलं, मग तिचा हात धरून तशीच मामांकडे निघाले.

मामा खुर्चीत बसून मांडीवरच्या परातीत शेंगा सोलत होते. मी दारातूनच म्हटलं, "मामा, तुम्ही रस्ता चुकला होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं आणि तिला म्हणाले, "आत्ता सांगितलंस होय?"

ती घाबरून म्हणाली, "मी नाही सांगितलं, ताता. फूलवालीने सांगितलं. मी कोणाला कोणालाच नाही सांगितलं."

मामांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "इतके दिवस आईला सांगितलंच नाहीस?" ते म्हणाले. "काय की गं तू. मी आणि तुला कशाला सांगितलं होतं मग?"

मी त्यांच्या खुर्चीपाशी बसले. हिरवी साडी आठवली. मामी मला जवळ ओढून 'कोणाला सांगू नको' म्हणायची, ती मी धावत जाऊन सांगावं म्हणूनच. या घरातल्या सगळ्या पोरांना ते न शिकवता कळायचं. मामांनी त्याच भरवशावर पोरीच्या कानात घातलं आणि रोज वाट बघत बसले, आज भाची येईल, उद्या येईल. आणि माझ्या पोरीने, शाळेत शिकवलेलं, कोर्टाने ठरवलेलं आणि आईने शिक्का मारलेलं इमान पाळलं.

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या काहीच लक्षात येत नव्हतं. ती म्हणाली, "पण राक्षसमामा पण म्हणाला होता, सांगू नको. आणि तिने सांगितलं तर तो मेला."

मामांनी हातातली शेंग सोलली. "मरायचा तो मेलाच असता गं," ते म्हणाले. "पण त्याने तिला सांगितलं का, ते बघ की. आपण विसरलो जीव कुठे ठेवलाय ते, तर एका तरी माणसाला ठाऊक असावं."

मग त्यांनी परात बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि नेहमीसारखे मुलीकडे वळले. "तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "मला भीती वाटते."

मुलगी माझ्याकडे वळेल म्हणून मी तयार होते. ती वळली नाही. तिने परात उचलली. "आई इथेच आहे ताता," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्हीच सांगा." आणि ती आत निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

मामा आणि मी उरलो. मधे कोणी नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग, मी मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "भीती वाटते गं मला."

मी जवळ सरकले. त्यांचा हात हातात घेतला, त्याला शेंगांचा वास येत होता.

"मलापण, मामा," मी म्हटलं.